विश्वासाचे पूर्वज आणि एक रेल्वेमार्ग

नरडाण्याला यायच्या दोन वाटा. मुंबई–आग्रा महामार्गाने धुळे, सोनगीर मागे टाकून शिरपूरच्या दिशेने निघाले की नरडाणा लागते. नाहीतर सरळ सुरत–भुसावळ गाडी धरायची. गावालगत एमआयडीसी झाली, बोरविहीरकडून नव्या लोहमार्गाचे काम निघाले, त्यामुळे आता नरडाण्याचे नाव येते ते कारखान्यांच्या आणि जंक्शनच्या बातम्यांत. पण खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगायचा तर ही जुनी सुरत लाइनच कामाला येते. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव आणि जळगावपुढे भुसावळच्या वाटेवरचे भादली. या माळेतल्या कितीतरी स्टेशनांवर आपल्या विश्वासाच्या गोष्टीचे एखादे पान उतरलेले आहे.

ही लाइन घातली गेली ती वर्षे उपासमारीची होती. १८९६–९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९–१९०० चा, त्याहून भयंकर दुष्काळ आला. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून माणसे दिवस काढत होती, सातपुड्यातले भिल्ल पाडे सोडून खाली उतरत होते, आणि त्याच सुमारास सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे पुरी झाली. रेल्वेने कापूस नेला, धान्य आणले आणि मिशनरीही आणले. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. मिशनांची वाटणीही साधारण तशीच होती. पूर्वेला भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या भागात अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ची माणसे, पश्चिमेला नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि स्वीडिश अलायन्स मिशन.

या पश्चिमेकडच्या कामामागे फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा एक स्वीडिश माणूस होता. १८५२ साली स्वीडनमध्ये जन्मलेला, तरुणपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत गेलेला. १८९० साली तिथे त्याने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढले. मोठा निधी गाठीला नाही, मोठी इमारत नाही. थोड्या दिवसांचे शिबिर घ्यायचे आणि तयार होतील त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडायचे, अशी त्याची रीत. त्यातली काही तरुण मुले-मुली तापीच्या खोऱ्यात येऊन पोचली. बर्फाच्या देशातली ही माणसे वैशाखातल्या खानदेशी उन्हात आधी मराठी शिकली, मग भिल्ल आणि मावची बोलींकडे वळली. फ्रान्सन १९०८ साली वारला. त्याच्या मिशनने १९४९ मध्ये नाव बदलून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असे घेतले.

मिशनांचे अहवाल पाहिले तर त्यांत इतके बाप्तिस्मे, इतक्या शाळा, इतकी बोर्डिंगे असा हिशेब असतो. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. पण आज रविवारी पेटी आणि टाळ घेऊन मंडळी उपासनेला बसते तेव्हा तिच्या तोंडी जे शब्द असतात, ते त्या अहवालांतून आलेले नाहीत. ते आले काही हट्टी मराठी माणसांकडून. त्यांनी ख्रिस्त स्वीकारला, पण त्याच्याबरोबर आलेली प्रत्येक गोष्ट मुकाट्याने पदरात घेतली नाही. आधी आपल्या समाजाशी भांडले, मग मिशनशीही भांडले. आपले विश्वासाचे पूर्वज म्हणून आठवायचे तर आधी या भांडखोरांना आठवले पाहिजे.

पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. २३ एप्रिल १८५८ चा जन्म. १८७६–७७ च्या मोठ्या दुष्काळापूर्वीच, तीर्थयात्रेच्या वाटेवर उपासमारीने त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. भूक काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. संस्कृत पांडित्यावर कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेली ही बाई पुढे इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला.

तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींना वाटले असेल की आता ही आपल्या शिस्तीत बसेल. तसे झाले नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाईंनी प्रश्न विचारले, पत्रांवर पत्रे लिहिली. मांसाहार तर सोडाच, अंडे घातलेले पुडिंगही खाणार नाही म्हणाल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. मला न कळणारी भाषा मी का मिरवावी, अक्षरे संस्कृत का असू नयेत, असे त्यांचे म्हणणे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार आज छापलेला आहे. तो वाचताना जाणवते ते असे की या बाईला ख्रिस्त हवा होता, पण तो उसन्या पोशाखात नको होता.

इकडे परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, वर्षभराने ते पुण्यास नेले. सदनातल्या विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळी भागातून आणखी आल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली आणि १९०० च्या सुमारास तिथल्या मुलीबायांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

खानदेशाशी या गोष्टीचा धागा जुळतो तो दुष्काळामुळे आणि एका पुस्तकामुळेही. भुसावळ–जळगावकडे काम करणाऱ्या अलायन्स मिशनच्या जेनी फुलर या बाई वऱ्हाडात अकोल्याला राहत. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, त्याला प्रस्तावना रमाबाईंची. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या. अमेरिकन मडमेने लिहावे आणि मराठी पंडितेने ते तपासून पुढे करावे, असा हा प्रकार त्या काळात विरळाच.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक मुळावरून एकट्या बाईने अख्खे बायबल मराठीत आणायचे! त्यासाठी त्या भाषा त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या त्या मुक्तीतल्याच बाया; ज्यांना काही वर्षांपूर्वी कुणी दुष्काळात रस्त्यावर टाकून दिले होते, त्यांच्या बोटांखालून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची पाने छापून निघाली. भाषा शक्य तितकी सोपी, खेड्यातल्या बाईला समजेल अशी, हा आग्रह. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली. काम मात्र थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. पुस्तक बाहेर आले ते त्यांच्या पश्चात, १९२४ साली.

दुसरे नाव नारायण वामन टिळकांचे, आणि इथे आपण पुन्हा रेल्वेच्या डब्यात येतो. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. १८९३ च्या सुमारास नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवर, धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्याने नवा करार हातात दिला, तो वाचण्याचा शब्द घेतला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून गेला. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढे सांगितले गेले. वॉर्ड पतिपत्नींनी हिंदुस्थानात पहिला तळ टाकला होता तो बऱ्हाणपुरास, म्हणजे एकेकाळच्या खानदेशच्या राजधानीत.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळक ते पुस्तक वाचू लागले. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. पुढे भाकीत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या दिवशी मोडला तो लक्ष्मीबाईंचा संसार. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडील इतके सोवळे की बाजारातून आणलेले मीठ आणि साखरही धुवून घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा कवी, लहरी, हाताला पैसा न टिकणारा. तो आता ख्रिस्ती झाला! लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या, बराच काळ पंढरपुरात बहिणीच्या आसऱ्याला. टिळक पत्रे लिहीत, कधी पद्यात लिहीत. माणसे म्हणत, गेला तो गेला.

पुढे त्या अहमदनगरला राहायला आल्या, पण नवऱ्याचा धर्म घेऊन नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे पूर्वीसारखेच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईंनी लाजेखातर किंवा प्रेमाखातर होकार दिला नाही. पाच वर्षे हा तिढा चालला. तो सुटला तो उपदेशकांच्या व्याख्यानांनी नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, रात्रभर घोळवला, आणि माणसाने केला असे उत्तर आल्यावर कुणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या तयार झाल्या. आधी सोवळे सुटले, बाप्तिस्मा मागाहून आला. तो १९०० साली झाला.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवरा ख्रिस्ती म्हणून बायको ख्रिस्ती, बाप ख्रिस्ती म्हणून मुलगा ख्रिस्ती, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाल पडली. लक्ष्मीबाईंनी मात्र एकेक पायरी स्वतःच्या पायाने चढून पाहिली.

आता जळगाव. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. व्यासपीठावर नामांकित कवी, त्यांत ‘फुलांमुलांचे कवी’ रेव्हरंड टिळक. धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा राहिला, आणि कविता म्हणू का, अशी परवानगी त्याने मागितली तीही कवितेतच. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. सभा चकित झाली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले आणि मराठी कवितेला ते नाव कायमचे मिळाले.

टिळकांची नजर त्या पोरावर गेली आणि पुढे त्यांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहायला जातो, यावर त्या काळी काय बोलले गेले असेल याचा अंदाज करायला फार कष्ट नकोत. एरवी अशा घटनेचा शेवट एका बाप्तिस्म्यात झाला असता आणि तो एखाद्या अहवालात आला असता. बालकवी मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांना कविता दिली, लक्ष्मीबाईंनी जेवू घातले, लेकासारखे वागवले, आणि त्याची किंमत म्हणून काहीही मागितले नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई या मुलाबद्दल लिहितात ते आईच्या मायेने आणि पोट धरून हसवत. मला वाटते, टिळकांच्या विश्वासाची सर्वांत मोठी साक्ष या घरात राहून ख्रिस्ती न झालेल्या मुलाने दिली.

५ मे १९१८ रोजी जळगाव–भुसावळ दरम्यान भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना बालकवी मालगाडीखाली सापडले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

शेवटच्या दोन-अडीच वर्षांत टिळकांचे मिशनशी फाटलेच होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तो पूल ओलांडल्यावर तोडायचा, हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ती कीर्तन नगर भागात त्यांच्या आधीपासून होते. कृष्णराव सांगळ्यांसारख्या कीर्तनकारांनी ती वाट पाडली होती. टिळकांनी त्यात अभंग, ओवी, पद यांची भर इतकी घातली की इंग्रजी चालींची भाषांतरित गीते मागे पडली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू त्यांच्याकडे होती. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या कुणालाही तिथे मोकळीक होती. पगार देणाऱ्या मिशनला हे कसे रुचणार? पण आज मिशनचे त्या वेळचे ठराव कुणाला आठवत नाहीत आणि ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी टिळक भेटतात. खानदेशात घरी अहिराणी बोलणारी म्हातारीसुद्धा टिळकांचे पद बिनचूक म्हणते, कारण भजनाचा ठेका तिच्या कानात आधीपासूनच असतो.

टिळकांनी अर्ध्यावर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आणि मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, याच्या आग्रहावरून आठवणी लिहायला घेतल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नवऱ्याचा गौरवग्रंथ व्हायचा तो झाला नाही. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, हातातले धान्य दुसऱ्याला देऊन घरी रिकामे येणे, स्वतःच्या सोवळ्याची फजिती, सगळे जसे घडले तसे उतरले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. धर्मांतर केलेल्या बाईचे हे पुस्तक मराठीतल्या सर्व थरांतल्या वाचकांनी आपले मानले. १९८२ मध्ये विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला.

म्हणजे परदेशी माणसांचे काहीच देणे नाही असे नव्हे. सुरत लाइनीवर पश्चिमेला सरकले की नवापूर तालुक्यात चिंचपाडा लागते. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे डॉ. क्लोके यांनी तिथे दवाखाना काढला. आसपास भिल्ल, मावची, कोकणी आदिवासींचे पाडे. मिशनरी परतले, दवाखाना राहिला. आता तो ‘इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन’च्या छत्राखाली चालतो. रात्री-अपरात्री बैलगाडीतून आणलेली अडलेली बाई ज्या दारात उतरवली जाई, त्या दाराने केलेले काम कुठल्याही प्रवचनाहून कमी नाही.

पण टिकले कोण, हे नीट पाहा. चिंचपाड्याचा दवाखाना टिकला तो इथल्या परिचारिका, कंपाउंडर, स्वयंपाकी, आया यांच्या जिवावर. मंडळ्या टिकल्या त्या गावोगाव पायी हिंडणाऱ्या उपदेशकांमुळे, डोक्यावर पदर घेऊन दारोदार शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबायांमुळे, बोर्डिंगात पोरांच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या मेट्रनमुळे. जुन्या अहवालांत मिशनरीचे नाव पूर्ण येते, अमेरिकेतले गावसुद्धा येते. या माणसांचा उल्लेख मात्र ‘आमचा एक कामकरी’, ‘आमची एक बायबलबाई’ एवढ्यावर आटोपतो. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई शिकलेल्या, लिहित्या घरांतून आले किंवा लिहिते झाले, म्हणून त्यांचा हट्ट कागदावर उरला. भिल्लाच्या, महाराच्या, मांगाच्या घरातून आलेल्या माणसाने ख्रिस्ती होताना काय सोसले, कुणाशी भांडण केले, मिशनच्या कुठल्या हुकमाला नकार दिला, हे लिहून ठेवणारे कुणी नव्हते. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा म्हणजे ‘धान्यासाठी घेतला’ असा शेरा मारून बाहेरचे मोकळे झाले, आणि आतले गप्प बसले.

हा शेरा खोडायचा तर नुसत्या रागाने खोडला जाणार नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचा जन्म कसा झाला ते आठवावे. मुलाने आईला विचारले, एवढेच. देवदत्ताने तगादा लावला नसता तर नगरच्या त्या घरात बालकवी कसे राहिले, वेगळी चूल कशी विझली, हे कुणाला कळले नसते. नवापूरपासून भुसावळपर्यंत प्रत्येक मंडळीत ऐंशी ओलांडलेली दोन-चार माणसे अजून आहेत. त्यांच्या आजीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात काय झाले, आजोबा मिशन कंपाउंडात का राहिले किंवा का गेले, हे त्यांना ठाऊक आहे. मंडळीच्या पुस्तकांतल्या जुन्या नोंदी कपाटात पडून आहेत. तरुण संघाने नाताळचा एक कार्यक्रम कमी करून हे काम हाती घ्यावे. मोबाइलवर रेकॉर्ड करावे, नोंदींच्या नकला कराव्यात, नावे पूर्ण लिहावीत, गावासकट. आणि ऐकताना भक्तीचे तेवढे ठेवून भांडणे गाळू नयेत. आपल्या विश्वासाचा कणा त्या भांडणांतच आहे.